वन्संच्या गोगलगायी

वन्सं, लोक भेटायला येतात, ओट्यावर बसतात आणि तुम्ही किती शांत होतात ते मला सांगून जातात. मी मान हलवते, चहा देते. शांत! लग्न होऊन ह्या घरात आले तेव्हापासून आपलं काही ना काही वाजलं नाही असा एक दिवस गेला असेल तर शपथ. डाळीत गूळ किती, माशांची कढई कुठे पालथी घातली, दाराला कडी का लावली, दाराला कडी का नाही लावली. काही म्हणजे काही पुरायचं आपल्याला. आता भेटायला आलेल्या माणसाला हे कसं सांगू? वाईट दिसतं. म्हणून तुमच्याशीच बोलते आहे.

वैशाखात दुपारी जेवून आडव्या झालात. मी चहा घेऊन आले आणि नेहमीसारखी ओरडले, "उठा आता, गार होतोय." तो चहा मग मोरीत ओतला. आता भाद्रपद लागला. मनीषा वसईहून रोज फोन करते. "आई, तू तिथे एकटी काय करतेस गं?" मी म्हणते, गोगलगायींना बघते. तिला वाटत असेल आईचं डोकं फिरलं. आत्याच्या गोगलगायी आहेत म्हणून बोलत नाही बिचारी, नाहीतर केव्हाच उचलून नेलं असतं मला.

तुम्ही यांच्या मोठ्या बहीण, लग्न न झालेल्या. हे गेले, मनीषा सासरी गेली आणि झाईच्या ह्या चिकूच्या वाडीत आपण दोघी उरलो. एकमेकींना निवडलेलं नव्हतंच आपण. रात्री तुमच्या खोलीतला दिवा बंद झाला की मी माझा बंद करायची. सवय, दुसरं काय. आता मला कळतच नाही दिवा कधी बंद करायचा ते.

चौदा सालची गोष्ट. पाऊस सरत आला होता. चिकू उतरवायला येणारी आपली जेठी शेतातून परस्परच आली होती आणि तिच्या टोपलीत ओल्या पानांखाली काहीतरी खडखडत होतं. तुम्ही पान उचललंत. लिंबाएवढ्या काळपट गोगलगायी, शेताजवळच्या तळ्यातल्या, संध्याकाळच्या कालवणासाठी. सत्संगाला जायला लागल्यापासून तुम्ही मासे सोडलेले, अंडं तर घरात आणायचं नाही हा कायदा. मला वाटलं आता नाकाला पदर लावाल. तुम्ही म्हणालात, "जेठी, ह्यातल्या थोड्या मला दे. पाळते."

जेठी पोट धरून हसली. "बाय, ह्या पाळायच्या नाय. ह्या खायच्या हायेत."

"तू खा. मी पाळते."

मागच्या दारचा तो जुना हौद, अर्ध्यावर पत्रा असलेला, बोअर झाल्यापासून नुसता पडून होता. तुम्ही तो घासून काढलात, पाणी भरलंत आणि त्यात गोगलगायी सोडल्यात. मला म्हटलंत, "वहिनी, हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या." मी हसले. कोण नाही हसणार? लोक गाय पाळतात, कोंबड्या पाळतात. आमच्या वन्सं गोगलगायी पाळतात आणि त्यांना सकाळी दुधीच्या साली घालतात.

पण खरं सांगते, चार दिवसांत मीही तिथे पाट टाकून बसायला लागले. त्या मिशा बाहेर काढतात, शंखाच्या तोंडावरचं झाकण मागे टाकून भिंतीवरून सरकत वर येतात, पाण्याबाहेर एक नळी काढून हवा घेतात. आपण दोघी न बोलता बघत बसायचो. भांडण नाही आणि तरी दोघी एका जागी, असं आपल्याला त्याआधी कधी जमलंच नव्हतं.

मग त्यांचे शंख पांढरे पडून टवके उडायला लागले. मनीषाच्या नवऱ्याने मोबाइलवर बघून सांगितलं, चुना कमी पडतो. तेवढंच ऐकलंत तुम्ही. पानाच्या डबीतला चुना घेतलात आणि सगळाच्या सगळा हौदात कालवलात! सगळ्या गोगलगायींनी धाडकन दारं लावून घेतली आणि तळाला जाऊन बसल्या. तुमचा चेहरा असा झाला की मी आधी बादली आणायला धावले. आपण दोघींनी बादल्या उपसून पाणी बदललं. काही गेल्या, बऱ्याचशा वाचल्या. गेलेल्या तुम्ही चिकूच्या मुळाशी पुरल्यात आणि अंघोळ केलीत.

त्या चुन्यापेक्षा अंड्याची टरफलं बरी, असं जावईबापूंचं पुढचं म्हणणं. आता आली का पंचाईत! बोर्डीला, उंबरगावला सत्संगातलं कोणीतरी भेटणारच. म्हणून आपण एसटीने तलासरीला गेलो, हायवेच्या कडेला आम्लेटपावची गाडी शोधत. तुम्ही डोक्यावरून पदर घेऊन उभ्या. हातात कापडी पिशवी. गाडीवाल्याने गुजरातीत विचारलं, "माजी, आ छोतरांनुं शुं करशो?" म्हणजे ह्या टरफलांचं काय करणार. तुम्ही सत्संगातल्या आवाजात म्हणालात, "दवा छे, भाई." त्याने पिशवी भरून दिली. परत येताना ती पिशवी तुम्ही मांडीवर घ्यायला तयार नाही आणि माझ्याकडे द्यायलाही तयार नाही. शेवटी दोघींच्या मध्ये सीटवर ठेवली, आणि कंडक्टरने विचारलं, हिचं तिकीट काढू का. वन्सं, तुम्ही तेव्हा हसलात तसं हसताना मी तुम्हाला कधीच पाहिलं नव्हतं. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. तेवढ्यासाठी मी तुमची सगळी बोलणी माफ करायला तयार आहे, डाळीतला गूळ सोडून.

टरफलं कुटून घातल्यावर शंख सुधारले. गोगलगायी गुटगुटीत झाल्या. पावसाळा आला, त्यांच्या जोड्या जमल्या, तासन् तास एकमेकींना चिकटून बसल्या. तुम्ही लाजून पाठ फिरवायचात आणि मग पुन्हा वळून बघायचात. अंडी मात्र नाहीत. दुसरा पावसाळा गेला. तिसरा गेला. तेव्हा एका सकाळी हौदाच्या काठावर उकिडव्या बसून तुम्ही म्हणालात, "माझ्या हाताला यशच नाही, वहिनी. मी उगाच बघत होते."

तेव्हा मला कळलं तुम्ही इतकी वर्षं काय करत होतात ते.

हातगुण हा शब्द ह्या घरात मी पहिल्या वर्षापासून ऐकत आले. लोणचं घालताना सासूबाई म्हणाल्या होत्या, "कुसुमचा हात लागू देऊ नकोस हं बरणीला." का, तर तुमच्या लहानपणी आजोबांनी चिकूची कलमं लावली तेव्हा प्रत्येक मुलाच्या हातून एकेक लावून घेतलं आणि तुमचं तेवढं वाळलं. झालं. पुढे वाडीत काहीही लावायचं असलं की "कुसुम, तू आत बस." जमलेलं लग्न मोडलं, तेही हाताच्याच खात्यावर. म्हातारी होईपर्यंत ह्या एवढ्या वाडीत तुम्ही एक झाड लावलेलं नाही. पाणी घातलंत, पालापाचोळा झाडलात, फळं राखलीत. लावलं मात्र नाहीत.

मी भडकले. "अहो, कलमाला वाळवी लागली असेल!"

"बाकीच्यांच्या कलमांना नाही लागली."

"नशीब म्हणा."

"तेच तर म्हणतेय मी."

पण मी गप्प बसणारी आहे होय! जेठीने सांगितलं होतं, ह्या पाण्यात अंडी घालतच नाहीत, बांधाच्या ओल्या मातीत घालतात. मी तुम्हाला म्हटलं, हात गेला खड्ड्यात, तुमची स्वच्छता आड येते आहे. रोज सकाळी काथ्याने हौद घासता, आतली पायरीसुद्धा चकचकीत ठेवता, कुठे घालायची त्यांनी अंडी? मी पायरीवर मातीचं ढेकूळ आणून ठेवलं. तुम्ही ते धुऊन काढलंत. म्हणालात, "घाणीत कोणी बाळंत होतं का, वहिनी?" किती दिवस चाललं ते भांडण! मी ठेवायची, तुम्ही धुवायच्या. तुमचं म्हणणं हात वाईट. माझं म्हणणं हात चांगला पण काथ्या वाईट.

अठरा सालच्या पावसाळ्याच्या तोंडाला तुम्ही मागच्या दारी शेवाळावरून घसरलात. जेठी ओरडली म्हणून मी धावले. तुमचा पाय वाकडा पडलेला आणि तुम्ही म्हणताय, "पदर नीट करा माझा." वापीला ऑपरेशन झालं आणि मग वसईला मनीषाकडे नेलं, तिथे लिफ्ट आहे म्हणून. मी एकटी इथे. वाडी सोडून कशी येणार?

खरं सांगू? हौदाकडे मी फारसं बघितलं नाही. साली टाकायची आणि यायची. पाणी हिरवं झालं, भिंतींना बुळबुळीत थर चढला, पायरीच्या कोपऱ्यात माती साचली. पावसाने वाहून आणली असेल म्हटलं. आणि श्रावणात एका सकाळी बघते तर त्या मातीत खळगा, आणि खळग्यात भिजवलेल्या साबुदाण्यासारखी पांढरी अंडी, एकाला एक चिकटलेली. मी तशीच ओल्या हातांनी फोनकडे पळाले.

"वन्सं! अंडी!"

मी धापा टाकत सगळं सांगितलं.

"किती बरं झालं," तुम्ही म्हणालात. मग, "मी नव्हते ना तिथे. म्हणून झालं." आणि फोन मनीषाकडे दिलात.

मी मूर्ख. मला वाटत होतं मी तुम्हाला आनंदाची बातमी दिली. मनीषाला मी पुन्हा पुन्हा सांगितलं, आत्याला सांग, माती होती म्हणून झालं, घासलं नाही म्हणून झालं, हाताचा काय संबंध! ती म्हणाली, "आई, आत्या भिंतीकडे तोंड करून झोपल्यात."

गणपतीला परत आलात वॉकर घेऊन. अंडी फुटून पिल्लं बाहेर आली होती, मसुरीच्या दाण्याएवढी, शंखासकट. मी खुर्ची हौदाजवळ आणून ठेवली. तुम्ही वाकून बघितलंत आणि तुमचा चेहरा उजळला, तो मी पाहिला, नाही म्हणू नका. एक पिल्लू भिंतीवरून काठापर्यंत आलं. मी म्हटलं, घ्या हातावर. तुम्ही दोन्ही हात पदरात घेतलेत. "नको. चांगली वाढताहेत. वाढू दे."

त्यानंतर हौदातल्या पाण्याला तुमचं बोट लागलं नाही. खुर्चीत बसून मला सूचना मात्र अखंड. "सालींचे तुकडे बारीक करा." "टरफलं अजून कुटा." "उन्हातलं पाणी ओतू नका." हिवाळ्यात भूकंपाचे धक्के बसायला लागले, सगळा तालुका अंगणात झोपायला लागला आणि आपल्या हौदाला बारीक चीर जाऊन पाणी झिरपू लागलं. तुम्ही म्हणालात, "आधी त्यांना काढा. माझी गादी मग." गवंडी येईपर्यंत त्या बादलीत. संध्याकाळी अंगणात आपल्या दोन खाटा आणि मधोमध बादली. जमीन गुरगुरली की तुम्ही देवाचं नाव घ्यायचात आणि बादलीकडे बघायचात. पाणी हललं की, "मोठा होता हा." मी म्हणायची, बादलीला हात लावून धरा की, सांडेल. तुम्ही तुमचा वॉकर तिला टेकवून ठेवायचात. हात नाही म्हणजे नाही.

मला तेव्हा तुमचे हात धरून सांगायचं होतं. काय सांगायचं होतं ते मात्र माहीत नव्हतं. नुसतं "तसं काही नसतं हो" किती वेळा म्हणणार? वाद घालायला मी पटाईत, पण तुमच्याजवळ पुरावा होता आणि माझ्याजवळ नुसती बडबड. तुम्ही असताना झालं नाही. तुम्ही नसताना झालं. ह्याच्यापुढे माझं शेवाळ आणि माझी माती तुम्हाला पोरकट वाटायची.

आणि मग लगेचच्या वैशाखात तुम्ही चहालासुद्धा थांबला नाहीत.

यंदा मी ठरवलं होतं, तुमच्या नावाने तरी पिल्लं होऊ देत. सगळं अगदी त्या वर्षीसारखं केलं. काथ्या फेकून दिला. पाणी हिरवं होऊ दिलं. पायरीच्या कोपऱ्यात वाडीतली माती खणून आणून ठेवली, स्वतःच्या हाताने. रोज सकाळी उठून आधी हौद बघते, मग तोंड धुते. घरात दुसरं बघायला आहे काय? तुमची खोली झाडते तेव्हा खुर्चीला धक्का लागला तरी दचकते. जेवण दोघींचं होतं अजून, हात हलका होत नाही. उरलेलं सकाळी गरम करून खाते आणि बोलणी खाल्ल्याशिवाय ते घशाखाली उतरत नाही.

गोगलगायींच्या जोड्या जमल्या. पायरीवर चढल्या, माती हुंगली म्हणा, आणि परत पाण्यात. रोज तेच. श्रावण गेला. एकही अंडं नाही. मी चिडले त्यांच्यावर. तुमच्यावरही चिडले.

आज जेठी आली. मी तिला हौदाशी नेलं. म्हटलं, बघ गं, काय चुकतंय? त्या वर्षी पावसाने आणलेल्या मातीत घातली आणि यंदा मी एवढी उचलून ठेवलेय तर ढुंकून बघत नाहीत.

जेठीने माझ्या मातीत बोट घालून बघितलं. दगडासारखा मुरूम. बोट जाईना. "पावसानं कुठं आणली होती?" ती म्हणाली. "ती बायची माती. बाय पडली ना इथं, तेव्हा हातात घमेलं होतं. ते उलटं झालं हौदात."

"कसली माती?"

"चाळलेली. कुंडीत हळद लावायची होती तिला. दोन दिस चाळत बसलेली, पालापाचोळा कुजवून घातलेला, शेण घातलेलं. मैद्यावाणी केली होती. मला बोलली, वहिनीला नको सांगू, रुजली तर दाखवीन."

मी हौदाच्या काठावरच बसले. तुमचं ते घमेलं मी तुम्ही पडल्याच्या दुसऱ्या दिवशी उचलून धुऊन ठेवलं होतं, वन्सं. रिकामं होतं. त्यात काय होतं आणि ते कुठे गेलं, हे मनातसुद्धा आलं नाही. तुमच्या पायाच्या काळजीत कोण घमेल्याचा विचार करणार!

जेठी घाबरली, पाणी आणते म्हणाली. मी म्हटलं, जा तू, मला काही झालं नाही. ती गेल्यावर मी रडले. तुम्ही गेलात त्या दिवशी माणसं होती, त्यांचं चहापाणी होतं, तेव्हा एवढं रडता आलं नव्हतं. एवढी म्हातारी बाई, दोन दिवस माती चाळत बसते आणि घरच्या बाईपासून लपवते, कारण रुजलं नाही तर कोणी बघायला नको. मी हसले असते असं वाटलं का तुम्हाला? हसले असते म्हणा. पण रुजल्यावर गावभर मीच सांगत फिरले असते, हेही तुम्हाला ठाऊक असायला हवं होतं.

मग डोळे पुसले आणि तुमच्या खोलीत आले. खाटेच्या पायथ्याशी बसून हे मोठ्याने बोलते आहे. कोणी ऐकलं तर ऐकू दे. वन्सं, नीट ऐका. ती पिल्लं झाली ती तुम्ही नव्हतात म्हणून नव्हे. तुम्ही तयार केलेल्या मातीत झाली. ह्या वाडीत इतकी वर्षं सगळ्यांनी खणलं, लावलं, मी यंदा माझ्या ह्या हातांनी माती ठेवली, आणि त्या मुक्या जिवांनी ती ओलांडून पाण्यात उडी घेतली. त्यांना तुमच्याच हातची माती हवी होती. जन्मभर माझ्याशी वाद घातलात की माझा हात वाईट, माझा हात वाईट. हरलात तुम्ही. साफ हरलात. आता या, आणि काय बोलायचंय ते बोला.